नमुनेदार माती

जबलपूरला जाऊन आले म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, "भेडाघाट पाहिलात?" नाही पाहिला. संगमरवराचे कडे नाही, धबधबा नाही, चांदण्यातली नाव नाही. मी एक नाला पाहिला, एक निळ्या पत्र्याची भिंत पाहिली आणि खुर्चीतून न उठणारा एक साहेब पाहिला. ज्यांना सहलीचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

मी सांगलीची. ऊसवाल्यांची माती तपासण्यात माझी हयात गेली. छोटीशी प्रयोगशाळा आहे आणि गावात सगळे मला मातीवाल्या बाई म्हणतात. सुलभाताई ही माझी मावसबहीण, माझ्याहून मोठी. लग्न करून जबलपूरला गेली ती तिकडचीच झाली. तिचे यजमान, आमचे दाजी, तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी पनागरच्या रस्त्याला थोडी जमीन घेतली. दर हिवाळ्यात त्या शेतातला मटार कुणा ना कुणाच्या पिशवीतून सांगलीला माझ्या दारात येतो. असा गोड की सोलता सोलता निम्मा पोटात जातो.

यंदा मटाराच्या आधी फोन आला. ताई म्हणाली, "शैला, शेताच्या बाजूला बॅटऱ्या वितळवायची भट्टी आली आहे. गोमतीची बकरी गोल गोल फिरली अन् भिंतीला डोकं टेकून मेली. मग दुसरी. आम्ही तक्रार केली, साहेब आले, माती घेऊन गेले. माती पास झाली. पास झाली तर बकऱ्या काहून मरून राहिल्या?"

बकरी गोल फिरते आणि भिंतीला डोकं टेकते, हे ऐकलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. शिसं अंगात गेलेलं जनावर असंच करतं. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की त्यांतून निघतं ते शिसंच. मी तिकीट काढलं.

स्टेशन

मातीतले जड धातू जागच्या जागी दाखवणारं एक यंत्र मिळतं. मातीला टेकवायचं, घोडा दाबायचा, थोडं थांबायचं, की पडद्यावर आकडे येतात. ते चालवायचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं आहे. एका ओळखीच्या महाविद्यालयाकडून हातापाया पडून मी ते आणलं. अडचण एकच, ते दिसतं हुबेहूब पिस्तुलासारखं.

जबलपूरला उतरले तर बॅग तपासणाऱ्या शिपायाने ते दोन बोटांत उचललं. "मॅडम, ये क्या है?"

"मिट्टी देखने का मशीन है," मी माझ्या सांगलीच्या हिंदीत म्हणाले.

त्याने ते उलटंसुलटं केलं. "गोली किधर से निकलती है?"

"गोली नहीं निकलती. किरण निकलता है."

हे सांगायला नको होतं. आणखी दोघे जमले. या गावात निम्म्या घरांनी तोफा-बंदुकांच्या कारखान्यांत नोकऱ्या केलेल्या, त्यामुळे प्रत्येकाला त्या वस्तूबद्दल मत होतं. एकजण म्हणाला, नळी बोथट आहे. तेवढ्यात दाजी आले, मफलर आणि कानटोपीत गुंडाळलेले, आणि म्हणाले, "अरे भैया, अपनी साली साहिबा हैं, सांगली से आई हैं, मिट्टी की डॉक्टर." लगेच सगळे हसले आणि यंत्र परत मिळालं. आमच्याकडे या जागी तीन शिक्के आणि एक अर्ज लागला असता. मला जबलपूर आवडायला लागलं होतं, हे कबूल करते.

ताईच्या घरी

सकाळी पोहे आणि त्यावर जिलबी. आपल्याकडे जिलबी लग्नात, तिकडे ती पोह्यांच्या ताटात रोजची. खव्याची काळपट जिलबीसुद्धा खाल्ली, जड पण छान. दाजी पोह्यांवर शेव टाकत म्हणाले, "खा, खा, चलो, अजून एक होऊन जाऊ दे." घरात मराठी बोलायची, पण मध्येच हिंदीत उडी मारायची आणि परत यायचं, हा तिथला रिवाज. नातवंडांना मराठी समजतं. उत्तर हिंदीत येतं.

मी विचारलं, "दाजी, भट्टी आली तेव्हाच कसं नाही ओरडलात?"

दाजींनी शेवेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "हे बघ, फॅक्टरीचं अन्न खाल्लं आम्ही. भोंगा वाजला की घड्याळ लावायचं. शेजारी कारखाना आला तर वाटलं, चला, चार पोरांना काम मिळेल. फॅक्टरीला नावं ठेवायची सवयच नाही गं आम्हाला."

या उत्तरावर मला रागावता आलं नाही. पण ती भट्टी आणि दाजींचा कारखाना यांना एकच शब्द असावा याचा मला रागच आला. दाजींच्या कारखान्याला फाटकावर नाव होतं. या भट्टीला पाटीसुद्धा नाही.

पनागरच्या रस्त्याला

शेत सुरेख. धुकं उतरत होतं, मटाराच्या शेंगा भरल्या होत्या, बांधावर बथुआ माजला होता. बथुआ म्हणजे आपला चाकवत. आणि या सगळ्याच्या कडेला ती निळ्या पत्र्याची उंच भिंत, तिच्या बुडाशी पाडलेलं एक भोक, आणि त्या भोकातून शेताच्या कडेकडेने जाणारा नाला. बॅटऱ्या फोडून धुतलेलं पाणी त्यातून येतं. धूर रात्री सोडतात. दिवसा सोडायला त्यांना लाज वाटत असावी असं मी म्हणणार होते, पण लाज वाटली असती तर सोडलाच नसता.

शेत गोमतीबाई निम्म्या वाट्याने करते. शेतातच तिचं खोपटं आहे. तिचा मुलगा त्याच भट्टीत रोजावर जातो आणि सून रजनी पोटुशी आहे, दिवस भरत आलेले. मी पोचले तेव्हा रजनी उंबऱ्यावर उन्हात बसून चाकवत निवडत होती.

"यही खाते हो रोज?" मी विचारलं.

गोमती म्हणाली, "और क्या, दीदी. मटर तो मंडी जाता है. भाजी घर में रहती है."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिसं मटाराच्या दाण्यात फारसं पोचत नाही. ते पानांवर बसतं, मुळाशी राहतं, धुळीत राहतं. म्हणजे शहरात विकायचा तो माल त्यातल्या त्यात बरा, आणि ज्यांनी पिकवला त्यांच्या ताटात पाला. कुणी ठरवून केलं नाही, पण ठरवून केलं असतं तरी याहून वेगळं झालं नसतं.

मी यंत्र काढलं. पहिल्यांदा ताई-दाजींच्या शेतघराच्या ओसरीपुढच्या वाफ्यात, हातपंपाजवळ, जिथे ताई कोथिंबीर आणि तुळस लावते. ही जागा भट्टीपासून सगळ्यात लांब, मध्ये आंब्याची दाट ओळ. आकडा साधा. कुठल्याही चांगल्या मातीत निघेल एवढाच. दाजी म्हणाले, "हेच तर रिपोर्टात होतं."

मग मी नाल्याकडे गेले. तिथे पाय घसरला आणि मी घोट्यापर्यंत आत गेले. गोमतीने हाताला धरून ओढलं, हातपंपाखाली पाय धरला, तरी तळव्याची आग संध्याकाळपर्यंत जात नव्हती. त्या पाण्याच्या कडेला यंत्र टेकवलं. आकडा चढला, चढत राहिला, वाफ्यातल्या मातीच्या कित्येक पट झाला. ओल्या मातीत हे यंत्र कमीच दाखवतं. म्हणजे खरं याहून वाईट.

मग शेवटी, का कोण जाणे, मी ते रजनीच्या उंबऱ्यापाशी टेकवलं. तिचा नवरा भट्टीतून येतो आणि आत जाण्याआधी कपडे तिथेच झटकतो. आकडा पाहून मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तोच आकडा.

"कहो दीदी, पास है न?" गोमतीने विचारलं. "बहू को तो हमने मायके भेज दिया था, तिलवारा. डर लगा था. फिर दीदी बोलीं माटी पास हो गई, तो वापस बुला लिया."

ताई माझ्या मागेच उभी होती. माती पास झाल्याचं सांगणारी दीदी तीच. परतीच्या रस्त्यावर मी त्या साहेबाचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. पैसे खाल्ले, माती बदलली, पोटुशा बाईच्या जिवाशी खेळला.

कार्यालय

कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. तक्रार जिथे केली होती ते. साहेब तरुण होता, नीट भांग पाडलेला, बोलायला गोड. "आइए आंटीजी, नमस्ते," म्हणून त्याने आम्हाला बसवलं आणि चहा सांगितला. असल्या माणसावर ओरडणं फार कठीण जातं, पण मी जमवलं. यंत्रातले आकडे त्याच्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, "ये माटी पास कैसे हुई?"

तो रागावला नाही. उठला, कपाट उघडलं (त्याला उठता येतं हे मला तेव्हा कळलं) आणि एक पारदर्शक पिशवी टेबलावर ठेवली. तपासलेल्या मातीतली अर्धी राखून ठेवायची असते, ती ही. मी पिशवी हातात घेतली. उन्हात वाळवलेली, मऊ, एक खडा नाही, एक काडी नाही. पिशवीच्या तोंडाला लाल धागा बांधलेला, सुबक गाठ मारून.

ताई म्हणाली, "ही तर माझी माती."

मी तिच्याकडे पाहिलं. "तू दिलीस?"

"हो ना. साहेब आले, ओसरीत बसले, पोहे खाल्ले. म्हणाले, आंटीजी, नमूना दे दीजिए. मग मी वाफ्यातली आणली. वाळवली, खडे वेचले. रव्याच्या चाळणीने चाळली."

"ताई, चाळलीस काहून?" रागात माझ्या तोंडी तिचाच शब्द आला.

"नमुना म्हणाले ना ते." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, नमुना म्हणजे नमुनेदार द्यावी. घरची मुलगी दाखवायची तर कुणी मळक्या फ्रॉकात दाखवतं का?"

दाजी हळूच म्हणाले, "मलाही तेच वाटलं गं. आमच्या फॅक्टरीच्या शॉपमध्ये नमुना काचेच्या कपाटात ठेवलेला असायचा, पॉलिश करून. बाकी सगळे त्याच्यासारखे व्हायला पाहिजेत, तो नमुना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी बहीण सरकारी माणसापुढे आपल्या शेताची अब्रू राखायला गेली, आणि त्याच अब्रूवर भट्टीला मोकळीक मिळाली. मी तर चोर सोडून संन्याशाला फासावर चढवायला निघाले होते. साहेबाने पैसे खाल्ले नव्हते. माती बदलली नव्हती. आणि खरं सांगते, त्याने मला जास्तच चीड आली. पैसे खाल्ले असते तर निदान त्यासाठी तरी तो खुर्चीतून उठला असता.

"देखिए मॅडम," साहेब म्हणाला, "जो माटी दी गई, वो जांची गई."

"और तुम उठके देखने को क्या हुआ था?" माझी हिंदी रागात आणखी बिघडते. "भट्टी किधर है, नाला किधर है, हवा किधर से आती है, कुछ पूछा? घर का मालिक माटी देगा, तुम लेगा, ये कौन सा तपासणी है?"

नमुना तपासणाऱ्याने स्वतः घ्यायचा असतो. आमच्या सांगलीत पहिल्या दिवशी पोराला हे शिकवतात. शेतकरी पिशवी भरून आणतो तेव्हाही आम्ही विचारतो, कुठली, किती खोल, कशाने खणली. हा माणूस ओसरीत बसून पोहे खातो, म्हाताऱ्या बाईने लाल धागा बांधून दिलेली माती घेऊन जातो, आणि त्या मातीवर एक पोटुशी बाई माहेराहून परत बोलावली जाते.

ताई उठून उभी राहिली. "भैया, गाडी बाहर खड़ी है. चलिए, मैं दिखाती हूँ."

"आज तो मीटिंग है, आंटीजी. और शिकायत बंद हो चुकी है. किसी मान्य लैब की रिपोर्ट लाइए, नया आवेदन लगाइए, फिर देखते हैं." मग तो हसला, अगदी मनापासून. "चाय तो पीजिए."

आम्ही चहा प्यायलो नाही. बाहेर आल्यावर दाजींनी गाडी सुरू करायच्या आधी चष्मा पुसला, परत पुसला.

ग्वारीघाट

ताई दर आठवड्याला नर्मदेला जाते, म्हणून आम्ही संध्याकाळी ग्वारीघाटला गेलो. फुलांचे द्रोण, दिवे, "आइए माताजी, नाव में बैठिए" म्हणणारे नावाडी, पंडे. आमच्या कृष्णेच्या घाटावर कट्ट्यावर गप्पा मारायला जातात, इथे लोक खरंच नदीशी बोलायला येतात. आमच्या शेजारी एक बाई कंबरभर पाण्यात उभी राहून आपल्या नणंदेची तक्रार सांगत होती.

ताईने दिवा सोडला नाही. द्रोण हातातच धरून पायरीवर बसली. मी म्हणाले, "ताई, चूक त्याची आहे. तुझी नाही."

"त्याची तर आहेच," ती म्हणाली. "पण रजनीला बोलावून घे असं गोमतीला कोण म्हणालं? साहेब नाही म्हणाला. मी म्हणाली."

शेवटी तिने द्रोण शेजारच्या बाईला दिला आणि म्हणाली, "चल. गोमतीला सांगून यायचं आहे. उद्यावर टाकलं तर माझ्याने होणार नाही."

गोमतीने सगळं उभ्याने ऐकलं. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दीदी, तुमने कहा था, इसलिए मान लिया." मग तिने चुलीवरची चाकवताची भाजी खाली उतरवली आणि ती कुठे टाकावी ते तिला कळेना, कारण कोंबड्यांना घालता येत नव्हती आणि शेतात टाकता येत नव्हती. ती पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. ताईने ते पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि गाडीत, स्वतःच्या पायापाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रजनीचं रक्त तपासायला दिलं. मग ताई आणि मी पुन्हा शेतात उतरलो, लोखंड लागू नये म्हणून घरातला लाकडी कालथा घेऊन. प्रत्येक जागेची वेगळी पिशवी. ताई खड्यावर हात नेई आणि मी म्हणे, "वेचू नकोस." तिचा हात थांबे. रजनीचा नवरा लांबून बघत होता. तो भट्टी सोडेल का, हे मी विचारलं नाही. रोजाचे पैसे कुठून येतात हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

तिलवारा

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. सांगलीला आल्यावर माती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिली. यंत्र खोटं बोललं नव्हतं. नाल्याची माती वाईट निघाली आणि उंबऱ्याची त्याहून वाईट. दाजींनी नवा अर्ज लावला. काही दिवसांनी त्या गोड बोलणाऱ्या साहेबाचा मला फोन आला. "मॅडम, ये नमूना लिया किसने था? आपने खुद लिया, इसका क्या प्रमाण?" इतक्या काळात हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला. मी फोनवर काय बोलले ते आमच्या आळीत सगळ्यांना ऐकू गेलं.

पण मला सांगायचं आहे ते निघायच्या दिवसाचं. रजनीच्या रक्ताचा अहवाल यायचा होता, पण त्याची वाट न बघता तिला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. मी नागपूरच्या बसने परतणार होते आणि रजनीचं माहेर तिलवाऱ्यालाच, रस्त्यातच, म्हणून एकाच गाडीतून आम्ही निघालो. पुलाच्या अलीकडे दाजींनी गाडी थांबवली. नर्मदा सकाळच्या उन्हात शांत वाहत होती. ताई म्हणाली, दोघी लेकी चालल्या, ओटी भरल्याशिवाय कशी पाठवू.

रजनी लाजली. "हमारे यहाँ ओली कहते हैं," म्हणाली आणि पदर पुढे केला. ताईने दुकानातून आणलेले तांदूळ, नारळ, हळकुंड, सगळं तिच्या पदरात घातलं. शेतातलं काही नव्हतं. दर वर्षी असायचं.

मग माझी पाळी. मी पदर पसरला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, "ताई, मटार नाही यंदा."

"नाही," ती म्हणाली. तिने पिशवीतून मातीची एक पुडी काढली. बाकीच्या पिशव्या आधीच माझ्या बॅगेत होत्या. ही तिने सकाळी एकटीने जाऊन आणली होती. धागा नव्हता, रबर गुंडाळलेलं होतं. आत खडे होते, काडी होती, कोंबडीचं पीस होतं. ती तिने माझ्या पदरात ठेवली आणि दोन्ही हातांनी पदर मिटवला.

"रजनीच्या उंबऱ्याची आहे," ती म्हणाली. "या वेळी वाईटातली वाईट दिली आहे, शैला. नीट ने."